ए.ए.च्या पहिल्या मीटिंगला जाताना

दारू सुटावी असं मनापासून वाटतं, एकदोनदा स्वतःच्या जिवावर सोडूनही पाहिली, पण पुन्हा सुरू झाली. हा लेख अशा माणसासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी आहे. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे ए.ए., ही दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्यांची संघटना १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावी सुरू झाली. भारतात ती १९५७ पासून आहे. फी नाही, हजेरीपट नाही, आडनाव कुणी विचारत नाही. सभासद व्हायला एकच अट आहे: दारू सोडण्याची इच्छा.

आधी डॉक्टर

सकाळी हात थरथरतात आणि घेतल्यावरच थांबतात, अशी अवस्था असेल तर दारू एकदम बंद करू नका. सवयीच्या शरीराची दारू अचानक तोडली तर फिट येऊ शकते. दोनतीन दिवसांत भास, भ्रम, ताप सुरू होऊन जिवावरही बेतू शकतं. म्हणून आधी फॅमिली डॉक्टर किंवा सरकारी रुग्णालयातला मानसोपचार विभाग गाठा. उपचार चालू असतानाही मीटिंगला जाता येतं. तिथे कुणी गोळ्या बंद करायला सांगितलं, तर ते ऐकू नका. औषधांबद्दल सल्ला देणं हे ए.ए.चं कामच नाही.

मीटिंग शोधायची कशी

ए.ए.च्या भारतातल्या संकेतस्थळावर मीटिंगांची माहिती आणि हेल्पलाइनचे नंबर मिळतात. केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन निःशुल्क आहे. पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी १९८६ साली सुरू केलं. तिथे दाखल होऊन उपचार घेतलेल्यांसाठी पुढे पाठपुराव्याच्या बैठकाही असतात. गावात ग्रुप नसेल किंवा तुम्ही परदेशात असाल, तर ऑनलाइन मीटिंग आहेत.

फोन करायला जीभ रेटत नाही, हे खरं. इतकंच बोला: ‘मला दारूचा त्रास आहे, पहिल्यांदाच यायचंय. गेटपाशी कुणी भेटेल का?’ पलीकडचा माणूस बहुधा स्वतः यातून गेलेला असतो, त्याला पुढचं सांगावं लागत नाही. मग तीन गोष्टी विचारून घ्या. मीटिंग कोणत्या भाषेत आहे? ओपन आहे की क्लोज्ड? ओपनला घरचे, मित्र, कुणीही बसू शकतं, क्लोज्ड फक्त ज्यांना दारूचा प्रश्न आहे त्यांच्यासाठी. आणि नेमकी खोली कुठली? बऱ्याच मीटिंगा शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या हॉलमध्ये भरतात आणि नवा माणूस आवारात भटकून परत फिरतो. हॉल चर्चचा असला म्हणून मीटिंग धर्माची होत नाही. स्त्रियांनी फोनवरच विचारावं की तिथे इतर स्त्रिया येतात का.

आत काय होतं

साधारण तास-दीड तासाचं काम. दहा मिनिटं आधी जा. एकजण सुरुवातीचं वाचन करतो, मग एकेक जण बोलतो: ‘माझं नाव अमुक, मी अल्कोहोलिक.’ पगाराच्या दिवशी घरी न पोचलेला माणूस, मुलीच्या लग्नात पिऊन पडलेला बाप, असं काय काय कानावर पडतं. मध्येच कुणी बोलत नाही, उपदेश करत नाही. तुमची पाळी आली आणि बोलावंसं वाटलं नाही, तर ‘आज मी फक्त ऐकतो’ म्हणा, चालतं. त्या दिवशी घेतली असली तरी जा, मागे बसून ऐका. शेवटी खर्चासाठी थैली फिरते. नव्या माणसाने त्यात काही टाकायलाच हवं असं नाही.

दारूपासून दूर राहण्यासाठी ए.ए.ने सांगितलेल्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख येतो, तिथे अनेकजण बिचकतात. नास्तिकांनाही तिथे जागा आहे. ‘आपल्याहून मोठी शक्ती’ म्हणजे काय हे ज्याचं त्याने ठरवायचं, कित्येकजण ग्रुपलाच ती शक्ती मानतात. नुसत्या बोलण्याने काय होणार, अशी शंका असेल तर कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या संस्थेचा २०२० सालचा आढावा पाहा. २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक माणसं तपासून त्याने असं मांडलं की लोकांना पद्धतशीरपणे ए.ए.शी जोडून देणारे उपचार, दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत, इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरतात.

तिथून निघताना

दोनतीन जणांचे नंबर घेतल्याशिवाय निघू नका. माझ्या मते पहिल्या मीटिंगचं सगळ्यात मोठं काम हेच. तलफ आली की पहिल्या घोटाच्या आधी फोन करायचा, नंतर नाही. एका मीटिंगवरून मत बनवू नका. एक ग्रुप कोरडा वाटला तर दुसरीकडे जा, आणि सुरुवातीला शक्य तितक्या संध्याकाळी जा, कारण बारकडे पाय वळण्याची वेळही तीच असते. ज्याचं बोलणं पटेल अशा जुन्या सभासदाला पुढे ‘स्पॉन्सर’, म्हणजे वाटेत सोबत करणारा मार्गदर्शक, व्हाल का म्हणून विचारा. पुरुषाने पुरुषाला, स्त्रीने स्त्रीला विचारावं, असा रिवाज आहे. मध्येच घसरलात तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसा. कुणी काढून टाकत नाही.

घरच्यांसाठी

अल-अॅनॉन ही नातेवाइकांची वेगळी संघटना आहे आणि मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालतो. नवरा अजून पीत असला, मीटिंगचं नाव काढू देत नसला, तरी बायकोने अल-अॅनॉनला एकटीने जावं. त्याच्या परवानगीची गरज नाही.