हरतो, पळतो, परत येतो: गेममधला विनोदी व्हिलन कसा घडवायचा

गेम बनवताय आणि त्यात विनोदी व्हिलन टाकायचाय तर सगळ्यात आधी एवढंच ठरवा की त्याला हवंय काय, आणि जगावर राज्य वगैरे नको, ते सगळ्याच व्हिलन लोकांना हवं असतं. आम्ही चौघं शनिवार-रविवार पुण्यात कोथरूडला एकाच्या घरी बसून एक छोटा गेम बनवतोय, हीरो म्हणजे ढोलताशा पथकातली एक मुलगी आणि व्हिलन सरदार फुगे. पहिल्या व्हर्जनमध्ये फुगे नुसता यायचा, जोक मारायचा, मार खायचा, जायचा, आणि टेस्टिंगला बसवलेली पोरं दुसऱ्या लेव्हलपासून त्याचं बोलणं स्किप करायला लागली. मग आम्ही त्याला कारण दिलं, याचा हात ठेक्यात बसत नाही म्हणून कुठल्याच पथकाने याला कधी घेतलं नाही, आणि आता नदीपात्रात प्रॅक्टिस चालू असली की हा येऊन ताशे पळवतो. बोलणं जवळपास तेच ठेवलं, तरी आता पोरं विचारतात फुगे परत कधी येणार.

दुसरं, आणि माझ्या मते हेच सगळ्यात महत्त्वाचं, आपण विनोदी आहोत हे त्याला अजिबात कळता कामा नये. यासाठी गिल्गामेश नीट बघा, फायनल फँटसी ५ मधला, १९९२ चा गेम. हा मुख्य व्हिलन एक्सडेथचा सरदार, दर वेळी पूर्ण जोशात येतो, लढतो आणि हरायला लागला की काहीतरी सबब सांगून सटकतो. एकदा तर आठ हात काढून मोठ्या थाटात एक्सकॅलिबर तलवार चालवतो आणि ती नकली निघते, वार जबरदस्त आणि डॅमेज फक्त १. हा जोक कुणी बोलून दाखवलेला नाहीये, तो आकड्यात आहे, स्क्रीनवर तो १ दिसला की खेळणारा आपोआप हसतो. नंतर मालकच त्याला बिनकामाचा ठरवून जगांच्या मधल्या पोकळीत फेकून देतो, आणि शेवटी तिथेच तो परत भेटतो, हीरोंच्या बाजूने उभा राहतो आणि नेक्रोफोब नावाच्या राक्षसाशी लढताना स्वतःचा जीव देतो. इतका वेळ ज्याला हसलो त्याच्यासाठी गळा दाटून येतो, कारण तो पहिल्यापासून जे करत होता ते मनापासून करत होता.

पहिल्या भेटीत मात्र थोडी भीती वाटलीच पाहिजे, नाहीतर पुढे हसू कशाला येईल. मारिओचा कायमचा शत्रू बाउजर, त्याचंच घ्या. १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स आपल्यातल्या बऱ्याच जणांनी टीव्हीला जोडायच्या त्या कॅसेटवाल्या व्हिडिओ गेमवर खेळलाय, त्यात बाउजर एक शब्द बोलत नाही, पुलावर उभा राहून आग फेकतो, आपण त्याला चुकवून कुऱ्हाडीपर्यंत पोचलो की पूल जातो आणि तो खाली. पहिल्या सात किल्ल्यांतले तर तोतयेच, आगीच्या गोळ्यांनी मारले तर आतून गुंबा वगैरे साधा शत्रू निघतो, खरा थेट ८-४ ला, म्हणजे शेवटच्या लेव्हलला. विनोद नंतर हळूहळू आला. १९९६ च्या सुपर मारिओ आरपीजीमध्ये त्याचाच किल्ला दुसरं कुणीतरी बळकावतं, मग त्याला मारिओच्या टोळीत यावं लागतं, पण अब्रू राखायला तो म्हणतो की मीच मारिओला माझ्या फौजेत घेतलं. २००४ च्या पेपर मारिओत तो जिथे जाईल तिथे उशिरा पोचतो. २०१७ च्या सुपर मारिओ ओडिसीत तो आणि मारिओ दोघंही राजकन्या पीचला मागणी घालतात आणि ती दोघांनाही नाही म्हणते. लक्षात घ्या, यात कुठेही त्याची ताकद कमी केलेली नाही, लढाईत तो अजून भाजतोच. दर वेळी त्याच्या स्वभावाची एक नवी बाजू उघडली, बस. तुम्हीही एका भेटीत एकच गोष्ट बदला. सोनिक गेममधला व्हिलन एगमन, त्याचा मार्ग त्याहून सोपा आहे, माणूस तोच आणि मशीन दर वेळी नवं, पण त्यासाठी ड्रॉइंग भरपूर करावं लागतं, छोट्या टीमला झेपत नाही.

आणि हरल्याचा परिणाम पुढच्या भेटीत दिसू द्या. आमची दुसरी लढाई भिडे पुलावर आहे, खडकवासला धरणातून पाणी सोडलंय, पूल बुडायला लागलाय, आणि फुगे हरता हरता ओरडतो की गाडी नो-पार्किंगला लावलीये, आलोच. आधी ही नुसती सबब होती, मग आमच्यातल्या एकीने सुचवलं की गाडी खरंच टोइंगवाल्यांनी उचलू दे, म्हणून तिसऱ्या लेव्हलला तो चालत येतो, धापा टाकत, आणि त्याची पहिली चाल अर्धा सेकंद उशिरा येते. यासाठी वेगळं काही लिहावं लागलं नाही, एक व्हेरिएबल, म्हणजे गेमने लक्षात ठेवलेली एक नोंद, पुढे नेला.

त्याला स्वतःची धून द्या, आणि ती तो दिसायच्या आधी सुरू करा. गिल्गामेशशी मोठ्या पुलावर लढताना वाजणारी धून संगीतकार नोबुओ उएमात्सुंची, आजही वाजली की माणूस सरसावून बसतो, आणि ती अजिबात विनोदी नाहीये, खऱ्या युद्धाची आहे. आम्ही फुगेला ताशाची तर्री, म्हणजे काठ्यांचा सलग जलद कडकडाट, दिली, फक्त अर्धी मात्रा आधी सुटणारी. ती मुद्दाम चुकवून रेकॉर्ड करायला चांगल्या वादकाला फार त्रास झाला, त्याचा हात आपोआप ठेक्यात जायचा.

शेवटच्या लेव्हलला लक्ष्मी रोडवर पथकात एक जण कमी पडतो. फुगे कडेला उभा असतो, त्याच्याकडे पळवलेला ताशा असतो आणि स्क्रीनवर एकच बटण येतं. दाबलं तर तो रांगेत येतो आणि वाजवायला लागतो, अजूनही अर्धी मात्रा आधीच.