रिमॅप केलेल्या (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवलेल्या) गाडीला क्लच कुठला टाकायचा

आधी टॉर्क (इंजिनचा फिरवायचा जोर, एनएममध्ये मोजतात) बघा, बीएचपी (हॉर्सपॉवर) नाही, क्लच घसरतो तो टॉर्कमुळं. डायनोवर (गाडीचा जोर मोजायचं मशीन) 300 एनएम आला तर साधारण 360-400 झेपेल असा घ्या, उगाच 600 चा नको, पेडल दाबून पाय दुखतो. सिरॅमिक प्लेट ट्रॅकवर भारी, पण सात रस्ता चौकाच्या गर्दीत, त्यात आपलं मे महिन्यातलं ऊन, हाफ क्लचला गाडी नुसती थरथरते ओ, म्हणून रोजच्या गाडीला स्प्रिंगवाली ऑरगॅनिक प्लेट आणि सोबत तगडी प्रेशर प्लेट (क्लच प्लेट दाबून धरणारा भाग) हेच बेस्ट. गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) पण बदलाच, आणि फ्लायव्हीलवर (क्लच प्लेट जिच्यावर दाबली जाते ती इंजिनची जड चकती) तापून पडलेले निळे डाग दिसले तर तसंच बसवू देऊ नका. नंतर नवा क्लच नीट बसेपर्यंत पहिले 500-800 किमी गावातच आरामात चालवा, लगेच पुणे हायवेला दाबू नका.