नवताऱ्याचे गॅमा किरण फर्मीच्या डेटातून कसे काढावेत

मार्च २०१० मध्ये हंस तारकासमूहातल्या व्ही४०७ सिग्नीचा स्फोट अवकाशातल्या फर्मी या गॅमा किरण दुर्बिणीच्या लॅट या मुख्य उपकरणाने टिपला. नवताऱ्याकडून गॅमा किरण मिळण्याची ती पहिली वेळ. लॅटचा सगळा डेटा खुला आहे आणि त्यासाठीची फर्मीटूल्स ही सॉफ्टवेअर साधने फुकट आहेत, त्यामुळे हे विश्लेषण लिनक्स किंवा मॅकवर कुणालाही करता येते. अवघड असते ती पार्श्वभूमी. नवताऱ्याकडून दिवसाला जेमतेम काही डझन फोटॉन येतात, आणि आकाशगंगेच्या पट्ट्यातला विखुरलेला प्रकाश त्याहून कितीतरी जास्त असतो.

हे किरण येतात कुठून ते आधी पाहू, कारण पुढचे बरेच निर्णय त्यावर ठरतात. द्वैती जोडीतला श्वेत बटू सोबत्याकडून हायड्रोजन ओढत राहतो. साठलेल्या थरात अणुसंमीलनाचा भडका उडतो, थर फेकला जातो, बटू मात्र शाबूत राहतो. सोबती तांबडा राक्षसी तारा असेल तर हे कवच त्याच्या दाट वाऱ्यावर आदळते. साध्या नवताऱ्यात आधी निघालेल्या संथ द्रव्यावर मागून वेगवान वारा येऊन आदळतो. दोन्हीकडे आघात तरंगात कण प्रवेगित होतात. म्हणून गॅमा किरण भडक्याच्या क्षणी न येता बहुधा दृश्य तेजस्वितेच्या शिखराच्या आसपास सुरू होतात आणि काही दिवस ते काही आठवडे टिकतात.

सरावाला आरएस ओफियुची घ्या. ८ ऑगस्ट २०२१ चा हा स्फोट इतका ठळक होता की जमिनीवरच्या हेस आणि मॅजिक दुर्बिणींनाही तो दिसला. विषुवांश २६७.५५५ अंश, क्रांती उणे ६.७०८ अंश. फर्मीची वेळ १ जानेवारी २००१ पासूनच्या सेकंदांत मोजतात, त्यात मधले ५ लीप सेकंद धरलेले असतात. त्यामुळे ९ ऑगस्ट २०२१ ची मध्यरात्र (यूटीसी) म्हणजे ६५०१६०००५. स्फोटाआधीचे ३० दिवस आणि नंतरचे ६० दिवस मागवा. त्याशिवाय आधीच्या किमान एका वर्षाचा डेटा वेगळा घ्या. हा वेगळा डेटा बरेच जण टाळतात आणि मग रोजच्या बिंदूंत निम्मे आकडे पार्श्वभूमीचेच निघतात. फोटॉनच्या फायलींसोबत यानाची (ते कुठे होते आणि कुठे रोखलेले होते त्याची) फाइलही उतरवून घ्या.

फोटॉन निवडणाऱ्या जीटीसिलेक्ट या आज्ञेमध्ये इव्हेंट क्लास १२८, टाइप ३, त्रिज्या १५ अंश, ऊर्जा १०० एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ते ३०० जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट), झेनिथ कोनाची (यानाच्या डोक्यावरच्या दिशेपासूनच्या कोनाची) मर्यादा ९० अंश. ही शेवटची मर्यादा सैल करू नका. वैश्विक किरण वातावरणावर आदळून पृथ्वीची कड गॅमा किरणांत झगझगीत दिसते, आणि कमी ऊर्जेला तिचा प्रकाश बराच आत सांडतो. निरीक्षणाचा चांगला काळ निवडणाऱ्या जीटीएमकेटाइममध्ये नेहमीची गाळणी लावा: डेटा क्वालिटी शून्याहून मोठी, लॅट कॉन्फिग १. नवतारा धनू राशीत असेल आणि महिना डिसेंबर-जानेवारी असेल तर सूर्य त्याच्या जवळून सरकतो. सूर्यही गॅमा किरणांत चमकतो. १५ अंशांच्या आत तो असतानाचा काळ याच पायरीवर वगळा.

फोटॉनांचा नकाशा ०.१ अंशाच्या पिक्सेलचा, २०० गुणिले २००, ऊर्जेचे ३५ कप्पे. १५ अंश त्रिज्येच्या वर्तुळात मावणाऱ्या चौकोनाची बाजू २१.२ अंश असते. नकाशा याहून मोठा केला की कोपरे रिकामे राहतात, आणि फिट (मॉडेल डेटाशी जुळवण्याची पायरी) त्यांना ‘इथे फोटॉन नाहीत’ असे समजून विखुरलेल्या प्रकाशाचा आकडा खाली ओढतो. जीटीएलटीक्यूब (निरीक्षणाच्या वेळेचा हिशेब) सगळ्या आकाशाचा निघतो; त्यावरून एक्स्पोजरचा (कोणती दिशा किती पाहिली त्याचा) नकाशा काढताना मात्र क्षेत्र १० अंशांनी वाढवून घ्या, नाहीतर कडेबाहेरच्या स्रोतांसाठी स्रोतांचे नकाशे बनवणारी जीटीएसआरसीमॅप्स अडते.

मॉडेलसाठी लॅटच्या ४एफजीएल-डीआर४ या स्रोतांच्या यादीतले २५ अंशांच्या आतले स्रोत, आकाशगंगेच्या विखुरलेल्या प्रकाशासाठी जीएलएल_आयईएम_व्ही०७ ही फाइल आणि सगळ्या दिशांनी सारख्या येणाऱ्या प्रकाशासाठी पी८आर३ सोर्स व्ही३ ची समदिश फाइल. आधी वर्षभराचा डेटा नवताऱ्याशिवाय फिट करा. ५ अंशांच्या आतल्या स्रोतांचे आकडे मोकळे, बाकीचे गोठवलेले. हे मॉडेल स्थिरावले की स्फोटाच्या काळाकडे वळा. तिथे दृश्य तारा आहे त्याच जागी एक बिंदुस्रोत टाका, साधा पॉवर लॉ (ऊर्जा वाढेल तसे फोटॉन ठरावीक घाताने घटतात असा वर्णपट), निर्देशांक, म्हणजे तो घात, २.२. पूर्ण कालावधीच्या फिटमध्ये निर्देशांक मोकळा ठेवा, रोजच्या कप्प्यांत गोठवा. एका दिवसाच्या फोटॉनांत दोन गोष्टी एकदम मोजण्याइतका जीव नसतो. नंतर वरच्या ऊर्जेला उतरता वक्र असलेला पॉवर लॉ लावून पाहा. पुष्कळ नवताऱ्यांना काही जीईव्हीपाशी असा उतार लागतो.

टीएस (टेस्ट स्टॅटिस्टिक) म्हणजे स्रोत धरून आणि न धरता मिळालेल्या लॉग-लाइकलिहुडमधल्या (मॉडेल डेटाशी किती जुळते त्याच्या मापातल्या) फरकाची दुप्पट. एकच आकडा मोकळा असेल तर त्याचे वर्गमूळ साधारण सिग्मा. पूर्ण काळासाठी २५ च्या खाली दावा करू नका. रोजच्या आलेखात ९ च्या वर बिंदू, त्याखाली ९५ टक्के वरची मर्यादा दाखवा. मात्र निव्वळ योगायोगाने ९ ओलांडण्याची शक्यता दिवसाला ०.१३५ टक्के असते. ६० दिवस तपासले की ती ८ टक्क्यांपर्यंत जाते. एकटा-दुकटा उंच बिंदू म्हणजे नवतारा नव्हे. फिटची गुणवत्ता ३ नसेल किंवा एखादा आकडा मर्यादेला चिकटला असेल तर टीएस पाहूच नका, आधी ते दुरुस्त करा.

सगळ्यात फसवा प्रकार शेजारच्या ब्लेझारचा, म्हणजे आपल्याकडे झोत रोखलेल्या दूरच्या दीर्घिकेच्या केंद्राचा. १०० एमईव्हीला लॅटची नजर सुमारे ५ अंश पसरट असते, १ जीईव्हीला ०.८ अंश. तीन अंशांवरचा ब्लेझार त्याच आठवड्यात भडकला तर त्याचे फोटॉन सरळ तुमच्या नवताऱ्याच्या खात्यात जमा होतात. त्या आठवड्यापुरता त्याचा आकडा मोकळा करा, किमान ऊर्जा ५०० एमईव्हीवर न्या आणि टीएस नकाशा (प्रत्येक जागी स्रोत धरून मिळणाऱ्या टीएसचा) काढा. शिखराच्या ९५ टक्के वर्तुळात नवतारा बसला नाही तर शोध मागे घ्या.

शून्य बिंदू दिसले तर आधी एक्स्पोजर तपासा. मार्च २०१८ मध्ये यानाच्या सौर पट्टीची फिरकी अडकली, लॅट काही आठवडे बंद राहिले आणि व्ही९०६ करिनाच्या स्फोटाची सुरुवात हुकली. त्यानंतर आकाशपाहणीची पद्धतही बदलली, त्यामुळे काही दिवशी तुमची दिशा फारच कमी पाहिलेली असते. उलट बाजूने, दृश्य नवतारा नाही म्हणून गॅमा स्रोत फेटाळू नका. व्ही९५९ मोनोसेरोटिस जून २०१२ मध्ये आधी लॅटला दिसला; सूर्याजवळ असल्यामुळे दृश्य शोध ऑगस्टमध्ये लागला.

ऊर्जाप्रवाहावरून तेजस्विता काढणे सोपे आहे. ३ किलोपार्सेकवर १०⁻¹⁰ अर्ग प्रति चौरस सेंमी प्रति सेकंद म्हणजे सुमारे १.१ × १०³⁵ अर्ग प्रति सेकंद. पण अंतराचा वर्ग होतो. आरएस ओफियुचीसाठी १.४ पासून २.७ किलोपार्सेकपर्यंत अंतरे वापरली गेली आहेत, म्हणजे तेजस्वितेत जवळपास चौपट फरक. कोणते अंतर घेतले ते आकड्याशेजारीच लिहा.

सराव झाला की उत्तर मुकुटातल्या टी कोरोने बोरिआलिससाठी (२३९.८७६, अधिक २५.९२०) वर्षभराचे मॉडेल फिट करून बाजूला ठेवा. १८६६ आणि १९४६ मध्ये फुटलेला हा तारा आकाशगंगेच्या पट्ट्यापासून ४८ अंश दूर आहे, त्यामुळे विखुरलेल्या प्रकाशाचा त्रास इथे फारच कमी. स्फोटाची बातमी आली की फक्त नव्या दिवसांचा डेटा ओतायचा.