द्राक्ष गोड झालं, पण वास भरला का? या चुका टाळा

दिंडोरीला माझ्या मावसभावाची वाईनच्या द्राक्षांची बाग आहे. दर फेब्रुवारीत तिथली थोडी सोव्हिन्याँ ब्लाँ जातीची पांढरी द्राक्षं गोव्यात फोंड्याला आणून आम्ही घरापुरती वाईन करतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रिफ्रॅक्टोमीटरवर भिस्त ठेवणं. तो साखर मोजतो, वास नाही. २२ ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) दिसले की तोडणीची घाई होते. पण कडक उन्हात साखर भराभर चढते आणि वास मागे राहतो. आपल्याकडे फेणीसाठी काजूचं बोंडू तोडत नाहीत, पिकून पडलेलंच वेचतात. द्राक्ष गळायची वाट बघता येत नाही, म्हणून ते चाखायचं. मणी तोंडात फोडा, रस गिळा, मग नुसती साल सावकाश चावा. वासाची बरीच द्रव्यं सालीत असतात. साल गवतासारखी लागली, बी हिरवट दिसली तर थांबा. वेगवेगळ्या वेलींचे, उन्हातले आणि सावलीतले मणी घ्या. एका घडावरून ठरवू नका.

वाईनला हिरव्या ढोबळ्या मिरचीचा वास मारतो तो मेथॉक्सीपायराझिन या द्राक्षातल्याच द्रव्यामुळे. ते पाणी उतरण्याआधीच, म्हणजे मणी मऊ पडून पिकू लागण्याआधीच, मण्यात साठतं, नंतर कमी होत जातं. दाट पानांत झाकलेल्या घडात ते जास्त साठतं. म्हणून पानं विरळ करायची ती मणी लहान असतानाच. तोडणीच्या आठवड्यात करून फारसा उपयोग नाही. पश्चिमेकडची पानं मात्र राहू द्या, दुपारच्या उन्हात मणी भाजतात.

या वाईनला येणारा पेरूचा वास ताज्या रसाला नाही म्हणून खट्टू होऊ नका. तो वास देणारी थायॉल नावाची गंधकयुक्त द्रव्यं द्राक्षात बांधलेल्या, वास नसलेल्या रूपात असतात. आंबवताना यीस्ट त्यांना मोकळं करतं.

आणि इथेच आम्ही गोव्यातली माणसं चुकतो. फेणी गाळायचं भांडं, म्हणजे भाण, तांब्याचं, म्हणून मीही एकदा आंबून तयार झालेली वाईन रात्रभर आजीच्या तांब्याच्या घागरीत ठेवली. संध्याकाळी झाकण काढलं तेव्हा पिकल्या पेरूचा घमघमाट होता; सकाळी नाक घागरीत घातलं तरी काही नाही. तांबं थायॉलला धरून ठेवतं, शिवाय आंबट वाईनमध्ये ते विरघळतं आणि पोटालाही वाईट. सगळी ओतून द्यावी लागली, फार जिवाला लागलं.

आता काचेची बरणी किंवा स्टीलचा डबाच वापरतो. बागेत बुरशीवर फवारतात त्या बोर्डो मिश्रणातही तांबं असतं, म्हणून जानेवारीतच मावसभावाला फोन करून विचारतो, शेवटची फवारणी कधी झाली?