दोन कंपन्या एक झाल्यावर मेल नव्या सर्व्हरवर हलवताना

आधी यादी करा. कुणाचा मेलबॉक्स किती जीबीचा आहे, आणि इन्फो, अकाउंट्स असले शेअर्ड बॉक्स कोण बघतं, हे लिहून काढा, कारण नेमके तेच शेवटी विसरतात. दोन्हीकडे एकच नाव असेल तर कुणाला कुठला पत्ता मिळणार ते एचआरकडून आधीच ठरवून घ्या, नंतर भांडणं होतात.

कॉपीसाठी आयमॅपसिंक (आयमॅप, म्हणजे सर्व्हरवरचे मेल वाचायच्या पद्धतीने, एका सर्व्हरवरचे मेल दुसऱ्यावर नेणारं टूल) भारी आहे, दोन्ही सर्व्हरला ९९३ पोर्टवरून जोडायचं, आधी ड्राय रन (काहीही कॉपी न करता नुसती चाचणी) मारायचा, फोल्डर नीट जुळतायत का बघायचं (सेंट आणि सेंट आयटम्स वेगळे पडले की लोक म्हणणार माझे मेल गेले!) आणि मगच खरी कॉपी. परत चालवलं तरी आधी गेलेले मेल तो सोडून देतो, त्यामुळे मोठा डेटा आठवडाभर आधीच हलवून ठेवा. जीमेलमधून आणत असाल तर ऑल मेल फोल्डर वगळा, नाहीतर तेच मेल दोनदा येतात. कॅलेंडर नि कॉन्टॅक्ट आयमॅपने येत नाहीत, ते वेगळे एक्स्पोर्ट करा.

एमएक्स रेकॉर्डचा (डोमेनचे मेल कुठल्या सर्व्हरवर जायचे ते सांगणारी डीएनएसमधली नोंद) टीटीएल, म्हणजे ती नोंद इतर सर्व्हर किती वेळ लक्षात ठेवतात तो काळ, बदलाच्या दोन दिवस आधी ३०० सेकंदांवर आणा. शुक्रवारी रात्री एमएक्स बदला, एसपीएफमध्ये (तुमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी) नवा सर्व्हर टाका, त्याची डीकेआयएम की (मेलवरची डिजिटल सही तपासायची किल्ली) डीएनएसमध्ये घाला आणि शेवटचा सिंक मारा. जुना सर्व्हर लगेच बंद करू नका हं, काही मेल तिकडेच जाऊन पडतात, म्हणून दोन-तीन दिवसांनी अजून एक सिंक. जुनं डोमेन मात्र एलियस म्हणून (जुन्या पत्त्यावरचे मेल नव्या मेलबॉक्समध्येच येतील असं) चालू ठेवा आणि रिन्यू करत राहा, कारण ग्राहक वर्षानुवर्षं जुन्याच पत्त्यावर लिहितात.