आधी झेरॉक्स, मग गुलाल

कोल्हापुरात इलेक्शन कुणाला शिकवायला लागत नाही. ग्रामपंचायत, सेवा सोसायटी, दूध संघ, कारखाना, झालंच तर तालमीची कमिटी. पोरगं दहावीला जाईपर्यंत पॅनेल कसं बांधतात, माघार कशी घ्यायला लावतात आणि मतदानाच्या आदल्या रात्री कुणाच्या परड्यात चूल पेटते, हे त्याला पाठ झालेलं असतं. कॉलेजच्या निवडणुकीत उमेदवाराच्या मागं उभं राहणाऱ्यांची खरी अडचण हीच आहे. गावाकडं जे जे करून गडी निवडून येतो, त्यातलं बहुतेक सगळं इथं उमेदवारी घालवणारं आहे. म्हणून ही तयारीची यादी उमेदवारासाठी नाही, तिच्यासोबत फिरणाऱ्या आठ-दहा जणांसाठी आहे. उमेदवार मुलगी आहे आणि अध्यक्षपदाला उभी राहतेय, असं धरून चाललोय.

थोडं मागचं माहीत असू द्या. 1989 साली मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला, त्यानंतर महाराष्ट्रात थेट निवडणुका बंद पडल्या आणि 1994 च्या कायद्यानं मार्कांवर प्रतिनिधी नेमायची पद्धत आली. वर्गात पहिला येणारा सीआर, म्हणजे वर्गाचा प्रतिनिधी, मग त्याला पोरांची भाषा येवो न येवो. 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानं थेट मतदान परत आणलं: अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी, एक राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी, आणि प्रत्येक वर्गाचा प्रतिनिधी. 2019 ला निवडणुका होणार होत्या, त्या पुढं ढकलल्या गेल्या. त्यामुळं 'दादा, तुमच्या वेळी कसं केलंत?' असं विचारावं असा सीनियर सापडणं अवघड. आणि विद्यार्थी निवडणुकांचे नियम सुचवणाऱ्या लिंगडोह समितीनं, जिच्या शिफारशी सुप्रीम कोर्टानं 2006 साली मान्य केल्या, अर्ज भरण्यापासून निकालापर्यंत सगळं 10 दिवसांत उरकायला सांगितलंय. तारीख लागल्यावर तयारीला बसलात तर पोस्टरचा कागद आणेपर्यंत मोजणी येईल.

तर पहिलं काम कागदांचं. नोटीस बोर्डाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला म्हणजे नोटीस वाचली असं होत नाही. आचारसंहितेची प्रत ऑफिसातून मागून घ्या, एकानं मोठ्यानं वाचायची आणि बाकीच्यांनी ऐकायची. राज्याचे नियम आणि आपल्या कॉलेजचं परिपत्रक यात कुठं फरक वाटला तर निवडणूक अधिकाऱ्याला लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या. 'सरांनी तोंडी सांगितलंय' याला छाननीच्या टेबलावर काडीची किंमत नाही.

मग उमेदवाराला समोर बसवा आणि मैत्री बाजूला ठेवून विचारा. एटीकेटी आहे का? असेल तर विषय तिथंच संपला, कारण त्या वर्षी एकही विषय मागं राहिलेला चालत नाही. हजेरी 75 टक्के भरते का? विद्यापीठाची अट त्याहून जास्त असेल तर ती धरायची. वय बसतंय का? लिंगडोहप्रमाणं पदवीला 17 ते 22, पदव्युत्तरला 24-25 पर्यंत, संशोधनाला 28 पर्यंत. याआधी पदाधिकारी म्हणून उभी राहिली होती का? पदाधिकाऱ्याच्या जागेला एकदाच संधी आहे. कॉलेजनं कधी शिस्तभंगाची कारवाई केलीय का, गणपतीच्या मिरवणुकीतली एखादी पोलीस केस नावावर आहे का? हे प्रश्न आपण विचारायला लाजलो तरी समोरचं पॅनेल लाजणार नाही.

फाइलमध्ये काय हवं: फी भरल्याची पावती, ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, मागच्या वर्षाचं गुणपत्रक, हजेरीचा दाखला, राखीव जागेवरून लढत असाल तर जातीचा दाखला. सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स, मूळ कागद वेगळ्या पाकिटात. हजेरीच्या दाखल्यासाठी शेवटच्या दिवशी सगळेच उमेदवार ऑफिसच्या खिडकीत घुसतात, तो आधीच काढा. सूचक-अनुमोदक निवडताना जिगरी दोस्त बघू नका, मतदार यादीत नाव असलेला आणि अर्जाच्या दिवशी कॉलेजात हजर राहणारा बघा. त्यांचं नाव, पीआरएन (विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक) आणि सही यादीशी ताडून घ्या. यादीत 'सुजाता' आणि अर्जात 'सुजाथा' एवढ्यावर हरकत घेणारी माणसं आपल्याकडं कमी नाहीत.

यानंतरचं काम बहुतेक जण विसरतात, ते म्हणजे घर. माघारीच्या दिवशी फोन उमेदवाराला येत नाही, तिच्या वडिलांना येतो. गावच्या सोसायटीचे चेअरमन असतात, किंवा ज्यांच्या शब्दाबाहेर घर कधी गेलेलं नाही असे कुणी. आवाज गोड असतो. 'पोरीला जरा सांगा की, आपलीच पोरं आहेत दोन्हीकडं, बिनविरोध करूया.' वडील ऊसतोडीच्या पाळीपासून कर्जाच्या हप्त्यापर्यंत दहा गोष्टींसाठी त्या माणसाच्या दारात जाणारे. ते काय म्हणणार? दुपारी एकला पोरगी डोळे पुसत ऑफिसात जाते आणि माघारीच्या फॉर्मवर सही करते. हे टाळायचं तर अर्ज भरायच्या आधीच्या रविवारी तिच्या घरी जा. ग्रुपमधल्या दोघी मुली गेल्या तर उत्तम. चहा घ्या आणि सरळ सांगा: काका, पद कसलं आहे, किती दिवसांचं काम आहे, घरातला एक रुपया लागणार नाही, आणि संध्याकाळी तिला एसटीत बसवायला रोज कोण येणार आहे. आईला स्वतंत्र सांगा, कारण तिची काळजी वेगळी असते. असा फोन येईल हेही आधीच सांगून ठेवा. 'हो, आमच्या कानावर होतं' असं म्हणता आलं की वडिलांचाही आवाज खाली येत नाही.

मतदार यादी हातात आली की एक दोनशे पानी वही घ्या. वर्गवार नावं सगळेच लिहितात, तुम्ही त्यापुढं गाव आणि बस लिहा. आपल्या कॉलेजात निम्मी पोरं कागल, पन्हाळा, राधानगरी, गगनबावड्याकडून येतात. कोण पहिल्या एसटीनं येतं, कोण दुपारची गाडी चुकू नये म्हणून शेवटचं लेक्चर सोडतं, कोण फक्त प्रॅक्टिकलच्या दिवशी उगवतं, हे कळल्याशिवाय प्रचाराची वेळ ठरवता येत नाही. कँटीनमध्ये तास तास बसणारी पोरं दिसतात म्हणून तिथंच प्रचार होतो. ती मतं बहुतेक आधीच ठरलेली असतात. सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती एसटी स्टँडच्या, फलाटावर गाडीची वाट बघत उभ्या असलेल्या मुलीला कुणी विचारत नाही. मात्र तिथं प्रचाराला जाऊ नका. मिरवणूक, सभा किंवा कसलाही प्रचार कॅम्पसबाहेर करता येत नाही, आणि दहा जण पत्रकासारखं काहीतरी हातात घेऊन उभे राहिले की ती मिरवणूकच दिसते. ती गाडीला निघायच्या आधी कॉलेजातच गाठा आणि एकट्या-दुकट्यानं बोला, आपल्याच वर्गातल्याशी.

वसतिगृहांबद्दल जरा जास्त बोलतो. शाहू महाराजांनी 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि पाठोपाठ जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांच्या पोरांसाठी अशी एकेक बोर्डिंगं उभी राहिली. दसरा चौकात आजही त्या खुणा दिसतात. खेड्यातून शिकायला आलेल्या पोराला जातीमुळं कुणी दारातून परत लावू नये म्हणून ती सोय होती. आपले वस्ताद लोक मात्र कागदावर गणित मांडतात: 'या बोर्डिंगची इतकी आपली, त्या बोर्डिंगची इतकी त्यांची.' जातीच्या नावानं मत मागणं आचारसंहितेत बसत नाहीच, शिवाय ते गणित चुकतंही. खोलीत राहणाऱ्या पोराला पाण्याची वेळ, मेसचं बिल आणि अभ्यासिका कधी बंद होते याची पडलेली असते. वहीत जातीचा रकाना कुणी आखला असेल तर ते पान फाडा. हरकत म्हणून ती वही उद्या कुणी पुढं ठेवली तर उत्तर नसेल.

पोस्टरचा विषय आपल्या शहराला झोंबणारा आहे. वाढदिवसाला चौकभर डिजिटल फलक लावणाऱ्या गावात सांगायचं कसं, की छापील पोस्टर, पत्रक, बॅनर काहीही चालत नाही? हातानं बनवलेलं पोस्टर, आणि तेही कॉलेजनं ठरवून दिलेल्या जागेवरच. लाऊडस्पीकर नाही, गाड्यांची रॅली नाही, त्यामुळं सायलेन्सर काढलेल्या बुलेटवाल्या मित्राला आत्ताच प्रेमानं समजवा. कार्डशीट, जाड मार्कर, डिंक, सुतळी घेऊन ठेवा. तालमीतले दादा, माजी विद्यार्थी, पक्षाच्या शाखेतले कार्यकर्ते यापैकी कुणालाच प्रक्रियेत भाग घेता येत नाही. कॉलेजच्या पटावर नाव असेल तोच आत. हे मोठ्यांना सांगायला जड जातं. दोन दिवस आधी भेटून 'दादा, तुम्ही गेटवर आलात तर तिचा अर्ज अडचणीत येईल' एवढं बोला, ते ऐकतात. 'आमचं ठरलंय' या घोषणेनं 2019 ला जिल्हा दणाणला होता, म्हणून प्रत्येक उमेदवाराला तीच घोषणा हवी असते. शिळी झाली आता. तिच्या वर्गातल्या एखाद्या टवाळ पोराला दोन ओळी लिहायला सांगा, चांगल्या लिहील.

पैशाचा हिशेब वेगळ्या माणसाकडं द्या, जो हॉटेलात बिल देताना खिशात हात घालायला वेळ लावतो त्याच्याकडं. खर्चाची मर्यादा उमेदवारामागं 5000 रुपये, आणि पैसा फक्त विद्यार्थ्यांनी आपखुशीनं दिलेला. पक्षाचा, नेत्याचा, कंत्राटदाराचा नाही. कार्डशीटची पावती, मार्करची पावती, झेरॉक्सची पावती, सगळं एका पाकिटात आणि रोज रात्री वहीत. प्रचार झाल्यावर 'चला, मिसळ खाऊ' असं जो म्हणेल त्यानं स्वतःचे द्यायचे आणि तसं मोठ्यानं सांगायचं. वीस जणांनी कट वर कट मागवला आणि बिल उमेदवाराच्या नावावर गेलं, तर पोस्टरला पैसे उरणार नाहीत, आणि समोरच्याकडं फोटो असेल तो वेगळाच.

जाहीरनामा छोटा ठेवा. विद्यार्थी परिषद इमारत बांधू शकत नाही, फी माफ करू शकत नाही, तेव्हा तसलं लिहून हसू करून घेऊ नका. लिहिण्याआधी एक दिवस कॉलेजात नुसते फिरा. पाण्याच्या टाकीच्या चार नळांपैकी कुठला चालतो? लेडीज रूमची कडी लागते का? ग्रंथपालांना विचारा की परीक्षेच्या महिन्यात अभ्यासिका संध्याकाळी दोन तास जास्त उघडी ठेवायला काय अडचण आहे. बहुतेक वेळा अडचण एका शिपाईमामांच्या ड्युटीची असते आणि ती सुटणारी असते. शेवटचं लेक्चर आणि एसटीची वेळ जुळत नसेल तर आगाराला द्यायचं पत्र आत्ताच लिहून त्याची प्रत दाखवा. असे तीन मुद्दे पुरे.

वर्गात बोलायला दोन मिनिटं मिळतील, शिकवणाऱ्या सरांची परवानगी घेऊनच. भाषण पाठ करायला लावू नका. आणि 'मी करतो, मी आलो' असं आपल्या कोल्हापुरी पद्धतीनं ती बोलत असेल तर तिला पुण्याचं वळण द्यायच्या भानगडीत पडू नका. समोर बसलेल्या निम्म्या मुली तशाच बोलतात.

व्हॉट्सअ‍ॅपचं थोडक्यात: ग्रुपवर पोस्ट टाकायचा अधिकार दोघांनाच, समोरच्या उमेदवाराच्या खाजगी आयुष्यावर एक अक्षर नाही, आणि रात्री अकरानंतर कुणीही वाद घालत बसायचं नाही.

मतदानाच्या दिवसाची तयारी आदल्या दिवशी संपलेली हवी, कारण मतदान संपण्याआधीच्या 24 तासांत जाहीर सभा घेता येत नाही. मतदारांना द्यायच्या चिठ्ठ्या साध्या पांढऱ्या कागदावर; त्यावर उमेदवाराचं नाव, चिन्ह काही नको, फक्त मतदाराचा क्रमांक आणि खोली. केंद्रापासून 100 मीटरच्या आत प्रचार नाही. खायला-प्यायला काही वाटायचं नाही, पाणी तेवढं चालतं. मतदारांना गाडीनं आणणंही चालत नाही, म्हणूनच ती बसची वही कामाची: आदल्या संध्याकाळी प्रत्येकाला ज्याच्या त्याच्या गाडीची वेळ आणि 'ओळखपत्र विसरू नको' एवढा निरोप. केंद्रावर बसणारा प्रतिनिधी डोकं थंड असणारा निवडा, मतमोजणीला अक्षर ओळखणारा.

तारीख पावसाळ्यात आली तर रोज सकाळी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघा. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. त्याच्या आधीच कितीतरी खेड्यांचे रस्ते पाण्याखाली जातात आणि तुमच्या वहीतली अर्धी पानं गावात अडकतात. तशी वेळ आली तर कुठल्या गावचे किती मतदार अडकलेत याची यादी करून निवडणूक अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी आरडाओरड करून मतदान पुढं जात नाही.

निकाल काहीही लागो, दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःची पोस्टरं स्वतः काढा, भिंतीवरच्या डिंकासकट. तक्रार असेल तर तक्रार निवारण समितीकडं, निकालापासून तीन आठवड्यांच्या आत, स्वतःच्या नावानं. निनावी कागद कुणी वाचत नाही. हिशेब मात्र दोन आठवड्यांत, तपासून घेतलेला द्यायचा असतो. हरल्यावर हिशेब द्यायला कुणालाच जावंसं वाटत नाही, म्हणून ते काम पैसे सांभाळणाऱ्याच्या नावावर आधीच लिहून ठेवा. पावत्यांचं पाकीट जमा करताना आपल्या प्रतीवर ऑफिसचा शिक्का आणि तारीख घ्यायची.