वाड्यात वाचनालय करायच्या आधी

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या एखाद्या जुन्या वाड्यात वाचनालय करायचं ठरलं की पहिल्या बैठकीतच फरशी आणि रंगावर चर्चा रंगते. ते सगळं नंतर. आधी टेप घ्या आणि पुस्तकं मोजा. फुटाला साधारण दहा पुस्तकं बसतात, म्हणजे पाच हजार पुस्तकांना ५०० फूट फळी. तीन फूट रुंद, सहा खणी रॅकवर १८ फूट मिळतात, म्हणजे २८ रॅक. पुढच्या खरेदीसाठी पाव जागा मोकळी ठेवली तर आकडा ३७ वर जातो. खण तीन फुटांहून लांब करू नका, प्लायची फळी वर्षभरात मधोमध झोल खाते.

आता वजन. राहत्या घराच्या मजल्यावर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरतात. पुस्तकांच्या रॅकसाठी भारतीय मानक ८७५ (इमारतींवर किती भार धरायचा ते सांगणारं) प्रमाणे ६०० किलो धरावा लागतो, तोही रॅक २.२ मीटर उंच असेपर्यंतच. सागवानी तुळया मधे ठणठणीत दिसतात, पण भिंतीत शिरलेली टोकं ओलीनं कुजलेली असतात. तिथे टोच्या खुपसून बघा. सहज आत गेला तर त्या मजल्यावर रॅक नकोत.

मग पुस्तकं खाली ठेवावीत, तर वडोदऱ्यात विश्वामित्री नदी आहे. २०१९ आणि ऑगस्ट २०२४, दोन्ही वेळा शहरात पाणी भरलं. वाड्यापाशी ते कुठवर चढलं हे शेजाऱ्यांना विचारून भिंतीवर खूण करा, कारण पुढचा सगळा आराखडा त्या रेघेवर ठरतो. पाणी उंबऱ्याशीच थांबत असेल तर रॅक तळमजल्यावर, सर्वांत खालचा खण फूटभर उचलून. आत येत असेल तर रॅक वरच न्या, पण स्वतंत्र पाया असलेल्या पोलादी सांगाड्यावर. भार जुन्या भिंतींवर टाकू नका. खर्च वाढतो, तरी इथे काटकसर नको. याचा नमुना शहरातच आहे. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथालयतज्ज्ञ बोर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची घडी बसवली. मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयातले पोलादी रॅक आणि उजेड खाली झिरपू देणारी काचेची जमीन आराखड्याआधी एकदा नक्की पाहून या.

वाळवीची प्रक्रिया फरशीआधीच उरका, नाहीतर घातलेल्या फरशीला भोकं पाडावी लागतात. रॅक आणि बाहेरची भिंत यांत तीन इंच फट ठेवा. हवा खेळली नाही की बुरशी आणि कसर आलीच. पश्चिमेच्या खिडकीसमोर पुस्तकं नकोत.

माणसंही मोजा, आणि वेळ लावून मोजा. सकाळी वर्तमानपत्रवाले आजोबा, दिवसभर स्पर्धा परीक्षेची मुलं, संध्याकाळी लहान मुलं. वर्तमानपत्रं दाराजवळ ठेवा, म्हणजे अभ्यासाला बसलेल्यांमधून ये-जा होत नाही. अभ्यासिकेत खुर्चीमागे एक प्लग; तो नसला की एक्स्टेन्शनच्या वायरी पायात येतात. टेबलावर किमान ३०० लक्स उजेड.

उंबरा सहा इंच असेल तर १:१२ उतारानं सहा फूट रॅम्प लागतो. गल्लीत तेवढी जागा नसते, म्हणून तो देवडीत आत घ्या, चार फूट रुंद. चाकाच्या खुर्चीनं जाता येईल असं शौचालयही तळमजल्यावरच हवं. त्याची ड्रेनेज लाइन पुराचं पाणी उलटं आत आणते, तेव्हा तिला नॉन-रिटर्न व्हॉल्व (पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप) बसवून घ्या.